न विचारलेला प्रश्न : महाराष्ट्र एकीकरण समितीची वाटचाल

31 ऑक्टोबर 1956च्या रात्रीपर्यंत सुरत आणि बेळगाव हे एकाच राज्याचे जिल्हे होते. दोन्हींकडचे हुकूम मुंबईच्या सचिवालयातून सुटत आणि दोन्हींचे आमदार एकाच सभागृहात बसत. 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि विजापूर, धारवाड, कारवार या जिल्ह्यांबरोबर बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. सुरत द्विभाषिक मुंबई राज्यात राहिली आणि 1 मे 1960 रोजी गुजरातमध्ये आली. त्यानंतर या दोन शहरांतल्या मराठी माणसांचे राजकारण अगदी वेगळ्या वाटांनी गेले. सुरतेत मराठी माणसाने स्वतःचा पक्ष काढला नाही. तरीही तो आमदार झाला, खासदार झाला, सत्ताधारी पक्षाचा प्रदेशाध्यक्ष झाला. बेळगावात त्याने महाराष्ट्र एकीकरण समिती उभी केली, दोन-तीन पिढ्या निष्ठेने चालवली आणि आज कर्नाटक विधानसभेत तिचा एकही आमदार नाही. सुरतेतल्या मराठी वाचकांसाठी निघणाऱ्या या स्मरणिकेत समितीचा इतिहास मांडायचा तर या विसंगतीपासूनच सुरुवात करायला हवी. तिच्यातून निघणारा सोपा निष्कर्ष असा की भाषिक अल्पसंख्याकांनी वेगळ्या पक्षाच्या वाटेला जाऊच नये. माझे मत तसे नाही. तुम्हाला कोणत्या राज्यात राहायचे आहे, असे सीमाभागातल्या लोकांना कोणीही, कधीही विचारले नाही. ते उत्तर नोंदवण्याचे एकच साधन त्यांच्या हाती उरले, ते म्हणजे निवडणूक. समिती उभी राहिली ती त्यासाठी, आणि तिची पुढची बहुतेक दुखणीही त्यातूनच उद्भवली.

समितीची मुळे 1956च्या मागे जातात. 1946च्या मे महिन्यात बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. साहित्यिकांच्या त्या व्यासपीठावर सर्व मराठी भाषकांच्या एका राज्याचा ठराव झाला आणि त्यातून संयुक्त महाराष्ट्र परिषद आकाराला आली. म्हणजे जे शहर पुढे महाराष्ट्राबाहेर राहिले, त्याच शहरात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला संघटित रूप मिळाले. यात योगायोगाचा भाग थोडा होता. बाबूराव ठाकूर यांनी 1919 साली काढलेला 'तरुण भारत' तोवर सत्तावीस वर्षे चालू होता. मराठी शाळा, वाचनालये, नाटक मंडळ्या, तालमी यांचे जाळे शहरात आणि आसपासच्या खेड्यांत पसरलेले होते. 1948 साली बेळगाव नगरपालिकेने होऊ घातलेल्या मराठी राज्यात आपला समावेश करावा, अशी मागणी केंद्राकडे केली. निवडून आलेल्या संस्थेने केलेली ही मागणी होती. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 साली अहवाल दिला, तेव्हा बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मराठी म्हणून वगळला आणि बाकीचा जिल्हा कर्नाटकाच्या पदरात टाकला. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेला. या एका गोष्टीने आयोगाचे तर्कशास्त्रच उघडे पडले. जिल्हा अभंग ठेवायचा हे तत्त्व असेल तर चंदगड का काढला? आणि भाषेप्रमाणे तालुका काढता येत असेल, तर चंदगडला लागून असलेली बेळगाव तालुक्याची मराठी गावे आणि खानापूर तालुका यांनी काय गुन्हा केला? उत्तर मिळाले नाही. 1956च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, मराठी मुलूख पेटला आणि 17 जानेवारीला सीमाभागातही गोळीबार झाला. तेव्हापासून 17 जानेवारी हा तिथला हुतात्मा दिन आहे.

पुनर्रचनेनंतर समितीने जे केले ते भारतीय राजकारणात दुर्मीळ आहे. ज्या राज्यात राहायचे नाही, त्याच राज्याच्या विधानसभेच्या निवडणुका तिने लढवल्या, आणि त्या राज्यातून बाहेर पडण्याचा कौल मागून लढवल्या. 1957पासून समितीचे आणि तिच्या पाठिंब्याचे उमेदवार निवडून येऊ लागले. 1958 साली साराबंदी आणि सत्याग्रह झाला. शेतकऱ्यांनी म्हैसूर सरकारला सारा देण्याचे नाकारले, जप्त्या सोसल्या, तुरुंग भरले. 1962च्या निवडणुकीत समितीचे सहा आमदार म्हैसूर विधानसभेत होते. त्यांच्यात बेळगावचे बा. रं. सुंठणकर होते, एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या इतिहासाचे ते अभ्यासक. राज्य चालवण्याची इच्छा नसलेल्या, मंत्रिपद मागू न शकणाऱ्या, कोणाला कंत्राट वा बदली मिळवून देण्याची ताकद नसलेल्या पक्षाला लोक पिढ्यान्‌पिढ्या मत देत राहिले, याचा अर्थ गंभीरपणे लावला पाहिजे. हे मत विकासासाठी वा जातीसाठी नव्हते. मतपेटी हीच इथली सार्वमताची पेटी झाली होती. तेव्हाच्या मुंबई सरकारने 1957 साली केंद्राला जे निवेदन दिले, त्यात सीमा ठरवण्याची चार तत्त्वे होती: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिली तीन तत्त्वे नकाशा आणि जनगणनेचे तक्ते घेऊन तपासता येतात. चौथे तपासायचे तर लोकांनाच विचारावे लागते. ते काम सरकारने केले नाही, म्हणून समितीने केले.

लोकेच्छा विचारायचीच नसते, अशी काही या देशाची रीत नाही. बेळगावच्या शेजारी गोव्यात ती विचारली गेली, आणि तीही मराठी-कोकणी मुलखाच्याच बाबतीत. गोवा मुक्त झाल्यावर 1963च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. महाराष्ट्रात विलीनीकरण ही त्याची मूळ मागणी. तरीही केवळ विधानसभेतल्या बहुमतावर विलीनीकरण करू नये, थेट लोकांना विचारावे, असे ठरले. बांदोडकरांचे सरकार बाजूला झाले आणि 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि विरोधात 1,72,191 मते पडली. 34,021 मतांनी विलीनीकरण हरले. महाराष्ट्रवादी म्हणवणाऱ्या पक्षाचा मूळ कार्यक्रमच लोकांनी नाकारला. पण त्यानंतर दोनच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि 1979पर्यंत गोव्यावर राज्य करत राहिला. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळाले, हरणाऱ्यांनीही ते मानले आणि राजकारण कुळांच्या जमिनी, शाळा, रस्ते यांकडे वळले. त्याच 1967 सालच्या ऑगस्टमध्ये बेळगावचा निर्णय आला तो मात्र एकसदस्य आयोगाच्या अहवालातून. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966च्या ऑक्टोबरमध्ये माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला होता. एकाच वर्षी, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात, एका मुलखाला मतपत्रिका मिळाली आणि दुसऱ्याला अहवाल. सीमाप्रश्न इतकी वर्षे का धुमसतो, याचे सर्वांत साधे उत्तर मला या तुलनेत दिसते. सार्वमत झाले असते तर बेळगाव शहर कदाचित महाराष्ट्रात आलेही नसते. पण मग समितीला दर पाच वर्षांनी तोच प्रश्न घेऊन उभे राहण्याचे कारण उरले नसते.

इथे कर्नाटकाचा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहाने नेमला गेला. निकाल मनासारखा लागला नाही म्हणून तो नाकारणे ही कोणती रीत? महाजन आयोगाने 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सांगितले होते. निपाणी, खानापूर, नंदगड त्यांत होती. 247 गावे, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट भागातली धरून, कर्नाटकाला द्यावीत असेही सांगितले होते. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. कर्नाटकाने अहवाल मान्य केला, महाराष्ट्राने फेटाळला. परिणाम असा की जे गाव जिथे होते तिथेच राहिले. अहवालातल्या विसंगतींवर महाराष्ट्राच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले, बॅ. अंतुल्यांनी तर त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आयोगाने खेडे हा घटक सर्वत्र सारखा धरला नाही, बेळगाव शहराच्या बाबतीत लोकसंख्येपेक्षा जमिनीची मालकी आणि कचेऱ्यांतली दप्तरे यांना वजन दिले, हे आक्षेप मला रास्त वाटतात. आणि लोकेच्छेचा निकष तर त्याने वाऱ्यावरच सोडला. तरीही निपाणी आणि खानापूरच्या मराठी माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर देणे सोपे नाही, की बेळगाव शहरासाठी आमचा हक्काचा घास का सोडला? पूर्ण नकाशा किंवा काहीच नाही, या भूमिकेची किंमत त्या दोन तालुक्यांनी मोजली. त्या वेळी महाराष्ट्र सरकार आणि समिती या दोघांनीही अंशतः स्वीकार करून उरलेला वाद पुढे नेण्याचा मार्ग चोखाळून पाहायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने समितीची मूळ बाजू खोटी ठरत नाही. फक्त तिचे डावपेच चुकले एवढे ठरते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

सत्तरच्या दशकानंतर समितीच्या कामाचे स्वरूप बदलत गेले. सीमा हलण्याची आशा जसजशी लांबली, तसतसे रोजच्या जगण्यातले प्रश्न पुढे आले. 1986 साली कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले. शरद पवार त्यात उतरले, छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले, आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. त्यांचे स्मारक हिंडलग्याला आहे. दर 1 जूनला तिथे लोक जमतात. त्यानंतरची भांडणे वरवर पाहता फुटकळ वाटतात: सातबाऱ्याचा उतारा कोणत्या भाषेत मिळेल, पालिकेच्या सभेची विषयपत्रिका मराठीत येईल का, बसवरची पाटी वाचता येईल का. पण माणसाचा राज्याशी संबंध येतो तो याच कागदांतून. स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणारा शेतकरी नागरिक म्हणून उणाच राहतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने 1956 सालीच संरक्षणे मान्य केली होती. ज्या भागात अल्पसंख्याक भाषक पंधरा-वीस टक्के असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे त्यांत होते. घटनेच्या 350क कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांवर सोपवली. या गोष्टी मागण्यासाठी महाराष्ट्रात जाण्याची मागणी करावी लागत नाही. कर्नाटकाचे नागरिक म्हणूनच त्या मागता येतात. समितीने त्या मागितल्या, मोर्चे काढले, निवेदने दिली. पण सीमेच्या मागणीच्या सावलीत हे काम नेहमी दुय्यम राहिले, आणि सरकारलाही प्रत्येक मराठी कागदाच्या मागणीकडे फुटीर मागणी म्हणून बोट दाखवणे सोपे गेले.

त्या बोट दाखवण्याचे रूप कसे असते, हे येळ्ळूरच्या पाटीवरून कळते. बेळगावजवळच्या या गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' अशी पाटी होती. कायद्याच्या दृष्टीने ते विधान खोटे होते आणि न्यायालयाच्या आदेशावरून 2014च्या जुलैमध्ये ती पाटी हटवली गेली. लोकांनी पुन्हा उभारली, पुन्हा पाडली गेली, आणि मग पोलिसांनी गावात लाठ्या चालवल्या. पाटी काढणे हे न्यायालयाच्या आदेशाचे पालन होते; लाठ्यांचे समर्थन मात्र त्या आदेशातून होत नाही. महानगरपालिकेच्या बाबतीतही असेच झाले. 2005 साली पालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे बंगळूरला गेले असता त्यांच्या तोंडाला काळे फासले गेले, आणि त्यापाठोपाठ सरकारने निवडून आलेली पालिकाच बरखास्त केली. 2011 साली महापौर-उपमहापौर 1 नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत सहभागी झाल्यावर पुन्हा पालिका बरखास्त झाली. ठराव हे मताचे प्रदर्शन असते; त्याने सीमा हलत नाही. मत मांडले म्हणून सभागृहच बंद करणे ही लोकशाहीला न शोभणारी गोष्ट होती. बेळगाव आपलेच आहे हे ठसवण्यासाठी कर्नाटकाने 2006 साली विधिमंडळाचे अधिवेशन तिथे भरवले, 2012 साली सुवर्ण विधानसौध उभे केले आणि 1 नोव्हेंबर 2014पासून शहराचे नाव बेळगावी केले. दरवर्षी त्या तारखेला शहरात दोन मिरवणुका निघतात. चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे आणि राज्योत्सवाचा जल्लोष असतो. धर्मवीर संभाजी उद्यानापासून काळे कपडे घातलेल्या मराठी माणसांची मूक फेरी निघते, पुष्कळजण सायकलवर, आणि मराठा मंदिरात सभा होऊन ती संपते. इतकी दशके हा निषेध एकाच तारखेला चालू राहिला, हे समितीच्या संघटनशक्तीचे मोठे प्रमाण आहे.

मग लोकांनीच समितीला नाकारले, त्याचे काय? 2008 साली समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. 2013 साली बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन जागा परत मिळाल्या. 2018 आणि 2023 साली पुन्हा शून्य. 2021च्या महापालिका निवडणुकीत पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर लढत झाली आणि 58पैकी 35 जागा भारतीय जनता पक्षाने घेतल्या. समितीकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. या आकड्यांवरून सीमाप्रश्न मराठी माणसानेच निकालात काढला, असे म्हटले जाते. मला तीन कारणांनी हा निष्कर्ष घाईचा वाटतो. एक तर मतदारसंघांची पुनर्रचना झाली, आणि 2008पासून मराठी खेड्यांचा उचगाव मतदारसंघ नाहीसा झाला. नेमक्या त्याच पुनर्रचनेत सुरतेत लिंबायत हा मतदारसंघ नव्याने तयार झाला, जिथे मराठी मतांना वजन आहे. रेषा कुठे आखली यावर लोकप्रतिनिधी असणे-नसणे किती अवलंबून असते, हे सुरतकरांना वेगळे सांगायला नको. दुसरे कारण समितीच्या घरातले. 2018 साली समितीत उभी फूट पडली आणि एकाच मतदारसंघात समितीचेच दोन उमेदवार समोरासमोर आले. लोकांनी मागणी नाकारली की भांडण नाकारले, हे अशा निकालातून कळत नाही. तिसरे कारण 2021च्या लोकसभा पोटनिवडणुकीचे. सुरेश अंगडी यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर समितीने शुभम शेळके हा तरुण, एकच उमेदवार दिला. पैसा नाही, देशपातळीवरचा नेता नाही. तरी त्याला एक लाख सतरा हजारांवर मते पडली. भाजपचा विजय पाच हजारांच्या आसपास मतांनी झाला होता. एकजूट झाली की समितीचा मतदार अजून बाहेर पडतो, एवढे यातून नक्की दिसते. मात्र दोष मतदारसंघांवर ढकलून समितीला सुटता येणार नाही. प्रत्येक निवडणुकीला तिने सार्वमत म्हटले, म्हणून प्रत्येक पराभव हाही सार्वमताचा निकाल म्हणून तिच्यावर उलटला. रस्ता, पाणी, नोकरी यांसाठी मत द्यायचे तर समिती सोडावी लागते, अशी कोंडी तिने स्वतःच्या मतदाराची केली. आणि तरुण मतदाराने ती सोडली.

सुरतेतून येणारा आक्षेप आता नीट पाहता येईल. धुळे, जळगाव, नंदुरबारहून माणसे यंत्रमागांवर आणि प्रिंटिंगच्या मिलमध्ये कामाला आली, उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांत स्थिरावली. मराठी पक्ष कोणी काढला नाही. लिंबायतमधून 2012, 2017 आणि 2022 अशा तिन्ही वेळा संगीता पाटील निवडून आल्या. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील 2009पासून नवसारीचे खासदार आहेत. 2020 साली ते गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले, 2024 साली केंद्रात मंत्री झाले. महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. मोठ्या पक्षात राहूनच हे मिळाले ना, असे विचारले जाते. मिळाले, आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पण सुरतेतला मराठी माणूस स्वतःच्या पायांनी इथे आला. कोणत्या राज्यात राहायचे हे त्याने कामाच्या शोधात का होईना, स्वतः ठरवले. बेळगावचा माणूस जागचा हलला नाही. त्याच्या घरावरून रेषा ओढली गेली. पहिल्याला वाटा हवा असतो, आणि वाटा मोठ्या पक्षात मिळतो. दुसऱ्याला निर्णयाची फेरतपासणी हवी असते, आणि ती मागणारा उमेदवार कोणताही राष्ट्रीय पक्ष देऊ शकत नाही. कारण त्याच पक्षाला उरलेल्या कर्नाटकात मते मागायची असतात. खानापूरला 2018 साली काँग्रेसच्या आणि 2023 साली भाजपच्या तिकिटावर निवडून आलेले आमदार मराठीच आहेत. मराठी माणसाला प्रतिनिधित्व मिळाले. त्याच्या प्रश्नाला मिळाले नाही.

राहिला सर्वांत मूलभूत आक्षेप: एका भाषेचा, एका समाजाचा पक्ष मुळातच घातक असतो. जगात याची परीक्षा फार कठोर परिस्थितीत झालेली आहे. अफगाणिस्तानातल्या हजारा समाजाने दीर्घ काळ छळ सोसला. 1989 साली बामियानमध्ये त्यांचे विखुरलेले गट एकत्र येऊन हिज्ब-ए-वहदत हा पक्ष उभा राहिला. त्याचे नेते अब्दुल अली मजारी यांना 1995 साली तालिबानने मारले. त्या पक्षाने यादवीत शस्त्रे वापरली आणि त्याच्या हातूनही अत्याचार झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याची मागणी देश तोडण्याची नव्हती. देशात बरोबरीचे स्थान मिळावे ही होती. 2004च्या अफगाण राज्यघटनेत हजारांचे नाव देशाच्या समाजघटकांत आले आणि शियांच्या जाफरी कायद्याला मान्यता मिळाली, यामागे तो संघर्ष होता. नंतर पक्षाचे तुकडे झाले आणि नेते वेगळ्या चुली मांडून बसले. क्वेट्ट्यातल्या हजारांनी पुढे हजारा डेमोक्रॅटिक पार्टी काढली. तिचे अध्यक्ष हुसेन अली युसुफी यांची 2009 साली हत्या झाली, तरी 2018च्या बलुचिस्तान विधानसभेत या पक्षाने दोन जागा जिंकल्या. बेळगावची आणि त्यांची परिस्थिती सारखी नाही. तशी तुलना करणे हजारांवर अन्याय होईल. एवढेच दिसते, की जिथे मोठे पक्ष एखाद्या समाजाचा प्रश्न उचलत नाहीत, तिथे त्या समाजाचा पक्ष उभा राहतोच, आणि तो मोडतो तो बहुधा आतूनच. समितीच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगता येते. साराबंदीपासून सायकल फेरीपर्यंत तिचा मार्ग निवडणूक, सत्याग्रह आणि निषेधाचा राहिला. तिच्यावर ठेवावा असा खरा ठपका दुसरा आहे: बेळगावातला कन्नड आणि उर्दू बोलणारा शेजारी आपल्या बाजूने यावा, निदान त्याला आपली बाजू कळावी, यासाठी तिने फारसे काही केले नाही.

महाराष्ट्राच्या राजकारण्यांबद्दल थोडक्यातच लिहितो. 1969 साली याच प्रश्नावर मुंबई पेटली आणि बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली. त्यानंतर प्रत्येक पक्षाने निवडणुकीच्या तोंडावर बेळगावची आठवण काढली. 2004 साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे मात्र खरे काम झाले. 2010 साली केंद्राने प्रतिज्ञापत्र देऊन महाराष्ट्राच्या दाव्याला विरोध केला. 2022च्या डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांत आणि केंद्रात एकाच पक्षाची सत्ता वा सत्तेत वाटा होता. तेव्हाही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्यापलीकडे काही ठरले नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने 865 गावांसाठी एकमताने ठराव केला तो त्याच महिन्यात. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर समितीने आपले काम दोन भागांत वेगळे करावे, असे मला वाटते. सीमेचा दावा न्यायालयात आणि काळ्या दिनाच्या फेरीत जिवंत ठेवावा. आणि मराठी कागद, मराठी शाळा, मराठी पाटी यांसाठी कर्नाटकाचे नागरिक म्हणून, कन्नड सहकारी बरोबर घेऊन, निवडणुकीशी न बांधलेली वेगळी यंत्रणा उभी करावी. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचे करणारा कायदा 2024 साली लागू झाल्यावर तर या दुसऱ्या कामाला उशीर परवडणारा नाही.

सुरतेतल्या वाचकाला या इतिहासातून हातात घेण्यासारखे एक काम आहे. फाजल अलींपासून महाजनांपर्यंत प्रत्येक आयोगाने सीमा ठरवताना आधी जनगणनेतला मातृभाषेचा रकाना उघडला. पंधरा टक्क्यांचा निकषही त्याच रकान्यावरून लागतो, आणि कोणत्या वस्तीत कोणत्या माध्यमाची शाळा चालू ठेवायची हे ठरवतानाही तोच आकडा समोर ठेवला जातो. येत्या जनगणनेत प्रगणक दारात येईल तेव्हा घरात जी भाषा बोलता, मराठी असो वा अहिराणी, तीच मातृभाषा म्हणून सांगा. घाईत त्याने गुजराती किंवा हिंदी लिहिले तर थांबवून दुरुस्त करून घ्या, आणि शेजारच्या चार घरांनाही तसे करायला सांगा.